दुसऱ्याच्या नावाची पाटी



बस्तीत दर्शनाला येणाऱ्या बायका मला हल्ली दोनच प्रश्न विचारतात. पहिला, तुमच्या दुकानातल्या केकमध्ये अंडे नाही ना? दुसरा, फ्रँचायझी घेतली म्हणजे नक्की काय केले, आणि ते परवडते का? पहिल्याचे उत्तर एका शब्दात देता येते. दुसऱ्याचे उत्तर पायरीवर चपला शोधता शोधता देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. आणखी एक कारण आहे, ते शेवटी येईल.

आमच्या घराला दुकान नवे नाही. माझ्या सासऱ्यांचे गणपती पेठेत किराणा-भुसाराचे दुकान होते. पाटीवर त्यांचे नाव, खाली गावाचे नाव, बस्स. त्या नावावर खेड्यातली माणसे डोळे मिटून वर्षाचे धान्य भरून न्यायची. मामंजी गेल्यावर वाटण्या झाल्या आणि दुकान मोठ्या दिरांकडे गेले. मग १९८९ मध्ये ह्यांनी स्वतःचे वह्या-पुस्तकांचे दुकान काढले. जागा बरी होती, माल चांगला होता, माणूस प्रामाणिक होता. फक्त नाव कुणाला ठाऊक नव्हते. लोक यायचे, भाव विचारायचे आणि चार दुकाने पुढे असलेल्या जुन्या दुकानातून वह्या घ्यायचे. कोणता माल किती आणायचा, उधारी कुणाला द्यायची, शाळा सुरू होण्याआधी किती पैसे अडकवायचे, हे सगळे आम्ही स्वतःच्या पैशाने शिकलो. शिकून होईपर्यंत पैसे संपले. १९९२ मध्ये दुकान बंद झाले, ह्यांनी नोकरी धरली आणि दुकानाची पाटी माळ्यावर गेली. त्यानंतर आमच्या घरात ‘धंदा’ हा शब्द फारसा कुणी उच्चारला नाही.

तो उच्चारला सूनबाईने. ती निपाणीची. लग्नाआधी पुण्यात नोकरी करत होती. मुलगा कुपवाड एमआयडीसीत लागला म्हणून दोघे सांगलीला आले, नातू झाला आणि तिची नोकरी सुटली ती सुटलीच. एक दिवस पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, “आई, एगलेस केकची एक कंपनी सांगलीत फ्रँचायझी देतेय. विश्रामबागेत गाळा पण बघितलाय. तुम्ही कागद बघाल का? तुम्हाला हिशोब कळतो.”

चाळीस वर्षांत मला असे कुणी म्हटले नव्हते. मी १९८२ ची बी.कॉम. चिंतामणराव कॉमर्स कॉलेजातून. त्या शिक्षणाचा उपयोग एवढ्या वर्षांत दूधवाल्याचे खाडे मोजणे आणि बस्तीच्या महिला मंडळाचा जमाखर्च लिहिणे एवढाच झाला होता. मी पोळपाट बाजूला सारले आणि चष्मा मागवला.

आधी फ्रँचायझी म्हणजे काय ते सांगते. नाव, कृती, माल आणि पद्धत दुसऱ्याची. पैसा, जागा, मेहनत आणि तोटा आपला. नफाही आपला, पण त्यातून आधी त्यांचा वाटा जातो. ही कल्पना काही आजची नाही. आपल्या आज्यांच्या घरात जे सिंगरचे शिवणयंत्र असायचे, त्या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत ठरावीक भागात यंत्रे विकण्याचे आणि शिकवण्याचे हक्क पैसे घेऊन दिले. फ्रँचायझीचा इतिहास सांगताना तिथून सुरुवात करतात. आपल्या आठवणीतला पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथही त्याच जातीचा: तारा सरकारच्या, गाळा आपला, कमिशन आपले. जम्बोकिंगचा वडापाव २००१ मध्ये मुंबईत मालाडला सुरू झाला आणि पुढे फ्रँचायझीनेच पसरला. आणि आपल्या समाजाला ज्यांचा अभिमान वाटतो ते सोलापूरचे वालचंद हिराचंद? त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याला सुरुवातीला ज्या मोटारी बांधल्या, त्या अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्याने बांधल्या. दुसऱ्याच्या नावाने धंदा करण्यात कमीपणा नाही, हे मी ह्यांना सांगितले तेव्हा वालचंदांचे नाव मुद्दाम घेतले. हे काही बोलले नाहीत. पेपर उलटा धरून वाचत बसले.

आता फायदे, कारण ते खरे आहेत आणि आधी सांगायला हवेत.

सगळ्यात मोठा फायदा तोच, जो ह्यांना १९८९ मध्ये मिळाला नाही. पाटी लागली त्या दिवशी लोकांना दुकान माहीत होते. कोल्हापूरला, पुण्याला ज्यांनी तो केक खाल्ला होता ते थेट आत आले. दुसरा फायदा शिकण्याचा. कंपनीने सूनबाईला एकवीस दिवस पुण्याला नेऊन शिकवले. केकवर क्रीम कसे लावायचे ते तर शिकवलेच, पण त्याहून महत्त्वाच्या बारीक गोष्टी शिकवल्या: आधी आलेला माल आधी विकायचा, प्रत्येक ट्रेवर तारखेची चिठ्ठी लावायची, फ्रीजचे तापमान दिवसातून तीनदा वहीत लिहायचे, शनिवारी किती आणि मंगळवारी किती केक मागवायचे. या सगळ्या चुका दुसऱ्या कुणीतरी आधी करून ठेवलेल्या असतात. फीमध्ये आपण त्या चुकाच विकत घेतो म्हणा ना. तिसरा फायदा बँकेत दिसला. सूनबाई मुद्रा कर्जासाठी गेली तेव्हा साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो कंपनीच्या नावाचा. नाव ऐकल्यावर खुर्ची पुढे सरकवली. ह्यांना १९८९ मध्ये बँकेत उभेच राहावे लागले होते.

चौथा फायदा मला धर्माच्या बाजूने जाणवला. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार आहे, म्हणजे खऱ्यासारखी नक्कल करून विकणे. गावोगाव प्रसिद्ध दुकानाच्या नावात एखादे अक्षर बदलून पाट्या लावलेल्या दिसतात ना, तोच तो. फ्रँचायझीत नाव वापरायचे तर मालकाला विचारून, मोल देऊन वापरायचे. हे मला मनापासून आवडले.

आता हिशोब. कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत लिहिले होते की महिन्याला साडेतीन लाखांची विक्री होईल आणि अठरा महिन्यांत भांडवल परत मिळेल. मी नातवाची पाटीच घेतली आणि मांडणी केली.

फी तीन लाख, तीवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे तीन लाख चोपन्न हजार, पाच वर्षांसाठी. दुकानाची सजावट, फर्निचर, पाटी यांचे साडेसहा लाख, आणि तेही कंपनी सांगेल त्याच ठेकेदाराकडून. फ्रीज, डीप फ्रीजर, ओव्हनचे अडीच लाख. गाळ्याचे भाडे वीस हजार, डिपॉझिट सहा महिन्यांचे, एक लाख वीस हजार. पहिला माल साठ हजार. हाताशी ठेवायला दीड लाख. बेरीज पंधरा लाख चौऱ्याऐंशी हजार, म्हणजे सोळाच धरा.

मग महिन्याचा खर्च. साडेतीन लाखांची विक्री झाली, तर माल बावन्न टक्के, म्हणजे एक लाख ब्याऐंशी हजार. रॉयल्टी पाच टक्के आणि जाहिरातीचे दोन टक्के, मिळून साडेचोवीस हजार. वाया जाणारा माल तीन टक्के धरला, साडेदहा हजार. भाडे वीस हजार. दोन मुली आणि एक कारागीर यांचे पगार बेचाळीस हजार. वीज अकरा हजार. हे सगळे वजा करून उरतात साठ हजार. सोळा लाखांना साठ हजारांनी भागले की सत्तावीस महिने येतात. मग कंपनीचे अठरा कुठून आले? मी दोनदा मांडले आणि मग लक्षात आले. पुस्तिकेत भाडे धरलेच नव्हते, आणि वाया जाणारा मालही नव्हता. ते दोन्ही सोडून दिले की महिन्याला नव्वद हजार उरतात आणि बरोबर अठरा महिने होतात. खोटे काही लिहिले नव्हते, फक्त लिहायचे ते सगळे लिहिले नव्हते.

सूनबाईला मी ब्रेक-इव्हन पॉइंट शिकवला. कॉलेजात तो आम्हाला आलेखावर काढायला लावायचे. इथे सोपा आहे. विक्रीच्या प्रत्येक रुपयातून माल, रॉयल्टी-जाहिरात आणि वाया गेलेले वजा जाऊन अडतीस पैसे उरतात. भाडे, पगार आणि वीज मिळून त्र्याहत्तर हजार, विक्री होवो न होवो. त्र्याहत्तर हजारांना अडतीस पैशांनी भागा, एक लाख ब्याण्णव हजार येतात. तेवढी विक्री झाली की दुकान स्वतःचे पोट भरते, मालकिणीचे नाही. आणि हेच सोळा लाख बँकेत ठेवले असते तर सात टक्क्यांनी महिन्याला सव्वानऊ हजारांच्या वर व्याज आले असते. ते धरले की आकडा दोन लाख सतरा हजारांवर जातो. मी तो आकडा कागदावर लाल शाईने लिहून फ्रीजवर लावला. सांगलीत महिन्याला दोन लाख सतरा हजारांचा केक खपेल का, एवढाच प्रश्न राहिला. त्याचे उत्तर कुठल्याही पुस्तिकेत नव्हते.

ते शोधायला आम्ही दोघी बाहेर पडलो. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. करार १८७२ च्या करार कायद्याखाली आणि नावाचा हक्क १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली येतो. अमेरिकेत मात्र सही आणि पैसे घेण्याआधी निदान चौदा दिवस कंपनीला एक सविस्तर दस्त हातात द्यावा लागतो, आणि त्यात चालू दुकानदारांची आणि सोडून गेलेल्यांचीही यादी असते. मी सूनबाईला म्हटले, कायदा नसला म्हणून काय झाले, विचारायला कुणाची बंदी आहे? तिने यादी मागितली. चालू दुकानांची लगेच आली. बंद पडलेल्यांची मागितली तर फोन दोन दिवस उचलला गेला नाही, मग तीन नावे आली.

आम्ही चालू असलेल्या दोघांना आणि बंद केलेल्या एकाला जाऊन भेटलो. एसटीने गेलो आणि दिवस मावळायच्या आत परत येता येईल अशा वेळा धरून गेलो. चालू दुकानवाला म्हणाला, “डिसेंबरवर वर्ष निघते, काकू. श्रावणात बसून माशा मारायच्या.” बंद केलेल्या बाईंनी चहा दिला, मी घेतला नाही, पण त्यांच्याशी बोलणे खूप झाले. त्यांचे दुकान चांगले चालले होते. दोन किलोमीटरच्या आत दुसरे दुकान देणार नाही असे करारात होते, आणि कंपनीने ते दिलेही नाही. फक्त मोबाईलवरून घरपोच केक त्याच भागात शेजारच्या गावच्या दुकानातून जायला लागले. करारात ‘दुकान’ असा शब्द होता, ‘डिलिव्हरी’ असा नव्हता.

त्या बाईंमुळे आमचा करार सुधारला. मुलाच्या मित्राचे वडील वकील आहेत, त्यांच्याकडे चार संध्याकाळी बसलो. डिलिव्हरीचा भाग लिहून घेतला. करार संपल्यावर दोन वर्षे केकचा धंदा करायचा नाही असे एक कलम होते. वकीलसाहेब म्हणाले, करार चालू असताना अशी बंदी चालते, पण करार संपल्यानंतरची बंदी करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. तरी खोडायला सांगा. कंपनीने खोडले नाही, दोनाचे एक वर्ष केले.

मग माझा भाग आला. कंपनी एगलेस होती, पण ‘कंपनी वेळोवेळी पदार्थांच्या यादीत बदल करू शकेल’ असे वाक्य करारात होते. त्या एका वाक्याने मला दोन रात्री झोप लागली नाही. उद्या यांनी अंड्याचा केक पाठवला तर? आपल्या हातून घडले नाही, दुसऱ्याकडून घडवले, किंवा घडले ते बरे वाटले, म्हणजे कृत, कारित, अनुमोदना. तिन्हीचा बंध सारखाच, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कंपनीच्या नावाची पाटी आहे म्हणून कर्मही कंपनीच्या नावावर पडेल असे थोडेच आहे! म्हणून पुरवणी करार मागितला: या दुकानात अंडे, जिलेटिन किंवा हिरवा ठिपका नसलेला कोणताही पदार्थ कधीही विकला जाणार नाही. लोण्याचेही विचारून घेतले. त्यांच्या केकमध्ये तेल असते आणि क्रीमही वनस्पती तेलाचे. महावीर जयंती आणि अनंत चतुर्दशी या दोन दिवशी दुकान बंद राहील. कंपनीचा माणूस म्हणाला, “आमची दुकाने ३६५ दिवस चालू असतात.” सूनबाई म्हणाली, “आमचे ३६३ चालेल.” आणि ते मान्य झाले. मी हे तिच्या तोंडून ऐकले तेव्हा मला कळले की हे दुकान ती चालवणार.

घरात मात्र अजून एक सही बाकी होती. सोळा लाखांपैकी सहा लाख कर्ज, पाच लाख मुलाची शिल्लक, आणि पाच लाख ह्यांच्या निवृत्तीच्या ठेवीतले. हे आठ दिवस काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी माळ्यावर चढले. या वयात शिडीवर चढू नका म्हणून मी ओरडत होते. जुनी पाटी काढून अंगणात उभी केली, ओल्या फडक्याने पुसली. अक्षरे अजून शाबूत होती. सूनबाईला म्हणाले, “मला तीन वर्षे लागली, हे नाव लोकांना माहीत नाही हे कळायला. तुझे पहिल्या दिवशी माहीत असेल. पण एक लक्षात ठेव, नाव त्यांचे आहे. परत मागितले तर द्यावे लागेल.” आणि बँकेच्या कागदावर सही केली. पाटी पुन्हा माळ्यावर ठेवली नाही. ती आता तुळशीमागे भिंतीला टेकून आहे.

अक्षय्य तृतीयेला दुकान उघडले. येत्या अक्षय्य तृतीयेला दोन वर्षे होतील. पहिल्या वर्षी महिन्याची सरासरी विक्री दोन लाख चौतीस हजार झाली, म्हणजे लाल शाईच्या आकड्याच्या थोडी वर. हातात सोळा हजारांच्या आत उरायचे, आणि कर्जाचा हप्ता गेला की तीन हजार. त्या वर्षी सूनबाईने स्वतःसाठी एक साडी घेतली नाही. दुसऱ्या वर्षी सरासरी दोन लाख सत्तर हजारांपर्यंत गेली. मुलींचे पगार वाढवले, तरी हप्त्याआधी सव्वीस हजार राहतात. श्रीमंत कुणी झाले नाही. पण दर महिन्याच्या पाच तारखेला दोघी मुलींचे आणि कारागिराचे पगार होतात, आणि ते माझ्या सुनेच्या सहीने होतात.

मी दुपारी दोन ते पाच गल्ल्यावर बसते. गिऱ्हाईक विचारते, “काकू, यातला कुठला चांगला लागतो?” मी बाजारचे खात नाही, दहा वर्षे झाली नियम घेऊन. खोटे तर बोलता येत नाही. मी सांगते, “मी खाल्लेला नाही, पण चॉकलेटचा सगळ्यात जास्त खपतो.” लोक हसतात आणि चॉकलेटचाच घेतात. तरी मनाला टोचत होतेच की आपण जे खात नाही ते विकतो. गेल्या चातुर्मासात आर्यिका माताजींना विचारले. त्यांनी एकच प्रश्न केला, “दुकानात काय विकायचे, ते कोण ठरवते?” मी म्हटले, कंपनी. माताजी पुढे काही बोलल्या नाहीत. मीही तेव्हा फार विचार केला नाही. पुरवणी करार होता ना आपल्याकडे.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीसाठी नवा माल आला. सुंदर सोनेरी डबा, वर हिरवा ठिपका, आत मध-बदाम केक.

मध! मैत्रिणींनो, मी डबा हातात धरून खुर्चीत बसले. मद्य, मांस, मधु यांचा त्याग ही श्रावकाची पहिली पायरी. आपल्या घरात औषधातसुद्धा मध येऊ देत नाही आपण. श्रावकाने न करायच्या व्यापारांत रसवाणिज्य आहे, त्यात लोणी आणि मद्य यांच्याबरोबर मध स्पष्ट आहे. मी ते स्वाध्यायात दोनदा तरी वाचलेले आहे. लोण्याचे विचारले आणि मधाचे विसरले. पुरवणी करारात मी अंडे लिहिले, जिलेटिन लिहिले आणि बाकीचे हिरव्या ठिपक्यावर सोडले. हिरवा ठिपका सरकारी व्याख्येने चालतो, आपल्या व्याख्येने नाही. दुधाप्रमाणेच मध, मेण आणि लाखेची चकाकी हे सगळे त्या व्याख्येत मांसाहारी धरत नाहीत. म्हणजे मध घातलेल्या केकवर हिरवा ठिपका अगदी बरोबर आहे. चूक कंपनीची नव्हती. मसुदा माझा होता, कॉमर्स ग्रॅज्युएटचा.

(ज्या बहिणी फक्त ठिपका बघून बाहेरचे बिस्किट-चॉकलेट घेतात, त्यांनी मागची बारीक अक्षरेही वाचावीत. केकवरचे ते चकचकीत गोळे असतात ना, त्यांवरही लाखेची चकाकी असू शकते. आम्ही आता त्याचेही लिहून मागितले आहे.)

मी सूनबाईला काही सांगायच्या आतच तिने डबे बंद केले आणि आलेल्या गाडीतून परत पाठवले. चोवीस डबे. दिवाळीत ते सहज खपले असते. दुसऱ्या दिवशी कंपनीची पहिली लेखी सूचना आली: मंजूर यादीतील पदार्थ न ठेवणे हा कराराचा भंग आहे. नाताळात मधाचेच दुसरे काही आले, तेही परत गेले, दुसरी सूचना आली. तीन सूचना झाल्या की कंपनी करार मोडू शकते. पाटी उतरेल. फी परत नाही, सजावट परत नाही, आणि कर्जाचे हप्ते तीन वर्षांचे शिल्लक आहेत.

मुलगा म्हणाला, ठेवा दुकानात, विकू नका, विचारले तर संपला म्हणा. सूनबाई म्हणाली, “म्हणजे गिऱ्हाइकाशी रोज खोटे बोलायचे, आणि शिवाय फेकून द्यायला मध विकत घ्यायचा?” हे तिच्या बाजूने बोलले. ह्यांचे वाक्य जसेच्या तसे देते: “पाटी गेली तर जाऊ दे. एकदा उतरवलेली आहे, मला येते उतरवायला.” पाच लाख त्यांचे आहेत, म्हणून त्यांना हे बोलायचा हक्क आहे. मला मात्र त्या रात्री सोळा लाखांचा आकडा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. व्रत पाळताना पैशाची भीती वाटते, हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटली.

फायदे विचारणाऱ्या बायकांना मी अजूनही सांगते की घेण्यासारखी गोष्ट आहे. सुनेला मुळापासून स्वतःचे दुकान काढायला मी सांगितले नसते, ह्यांच्या वाटेने तिने जावे असे मला वाटत नाही. पण करारातला प्रत्येक शब्द आपल्या घरच्या नियमांशी लावून वाचा. वकिलाला कायदा कळतो, त्याला आपला मूलगुण कळत नाही. ते काम घरातल्या बाईचे.

गेल्या आठवड्यात कंपनीच्या विभागीय साहेबांचा फोन आला. आवाज बरा होता. आमच्या दुकानात वाया जाणारा माल त्यांच्या सगळ्या दुकानांत कमी आहे, असे म्हणाले. येत्या गुरुवारी सांगलीला येत आहेत. मी नव्या पुरवणीचा मसुदा तयार ठेवला आहे, या वेळी मध, लोणी आणि लाख धरून, आणि शेवटी ‘श्रावकाचारास वर्ज्य असा कोणताही पदार्थ’ असे वकीलसाहेबांनी घालून दिले आहे. सोबत दोन वर्षांच्या विक्रीचा तक्ता आणि अनंत चतुर्दशीच्या आदल्या-नंतरच्या दिवसांची विक्री, बंद ठेवल्याने किती फरक पडला ते दाखवायला. सूनबाई म्हणते साहेबांना संध्याकाळी जेवायला बोलवू. मी म्हटले, बोलवू, पण दिवस मावळायच्या आत. तिने त्यांना तसे कळवलेसुद्धा. साडेपाचची वेळ ठरली आहे.